हात कुठवर जावा

डॉक्टर काट्यांनी एक्स-रेची काच खिडकीच्या उजेडात धरली आणि प्रश्न विचारला तो मधूला नव्हे, त्याच्या वडिलांना.

"हे बघा रमाकांतराव, सगळा हात पहिल्यासारखा होईल असं मी म्हणत नाही. निम्मा मोकळा होईल, एवढी खात्री देतो. आता निम्माच मिळणार असेल तर कुठला निम्मा हवा, ते मला आधी सांगा. हात तोंडाकडे वळायला हवा, की समोर लांब जायला हवा? जे पाहिजे असेल त्या बाजूनं मी काम करीन, आणि नंतरची मेहनतही त्याच बाजूनं करून घेईन."

मधू पागे स्टुलावर बसला होता. त्याचा उजवा हात कोपरात काटकोनात अडकलेला होता. झोळीत बांधलेल्या हाताची झोळी काढून घ्यावी आणि हात मात्र तसाच पोटाशी राहावा, तसा तो दिसे. दीड वर्षापूर्वी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून खाली येताना उरवाईच्या उतारावर सायकलचा ब्रेक तुटला आणि मधू डोक्यावर आपटला. तीन आठवडे शुद्ध नव्हती. शुद्ध आली, पाय चालू लागले, नजर नीट झाली. पण कोपर दिवसेंदिवस आखडत गेलं आणि शेवटी पार थिजलं. काट्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की डोक्याला जबर मार लागला की कधीकधी सांध्याभोवतीच्या मांसात हाड धरतं. का धरतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लढाईत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, अशी दोन-तीन कोपरं त्यांनी पाहिली होती. "कच्चं असताना कापलं तर दुप्पट उगवतं. पिकू दे," असं म्हणून त्यांनी वर्षभर सुरीला हात लावला नव्हता. आता एक्स-रेमध्ये हाडाची कड स्वच्छ, ठळक दिसत होती.

मधूला प्रश्न नीट कळला होता. उत्तरही तयार होतं. पण अपघातापासून त्याचं एक होऊन बसलं होतं. शब्द डोक्यात ठरलेला असे. तो तोंडाशी यायला मात्र वेळ लागे. टांगेवाला सवारीसाठी वाटेत थांबतो तसा तो शब्द कुठंतरी थांबे.

"म... मला..." मधू म्हणाला.

"पाणी हवंय त्याला," आई म्हणाली आणि मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तशी, मधूकडे वळून म्हणाली, "पाणी ना रे बाळ? घरी गेल्यावर हं!"

मधूनं मान हलवली. ती 'नाही' अशी होती. आईनं ती 'हो' अशी घेतली.

"सोमवारी या," काटे म्हणाले. "घरात ठरवून या. एकच उत्तर आणा, तीन नकोत."

घरात तीन उत्तरं निघणार, हे डॉक्टरांनी कसं ओळखलं कोण जाणे. इस्पितळापासून दाना ओलीतल्या घरापर्यंतच्या टांग्यातच दोन निघाली.

नानांचं, म्हणजे मधूच्या वडिलांचं, म्हणणं होतं की हात आहे तसाच राहू द्यावा. नाना संस्थानच्या हुजूर दफ्तरात तीस वर्षं लेखणी झिजवून, दरबार विलीन झाला त्या वर्षी घरी बसले होते. दरबार गेला, मध्यभारत आलं. आता मध्यभारतही पुसलं जाऊन भोपाळ राजधानीच्या नव्या राज्यात विरघळणार होतं. एका आयुष्यात तिसरं राज्य बघायचं नशिबी आलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, पण सांगताना जरा मिशीत हसत. नव्या राज्याची नवी दफ्तरं होणार होती आणि त्यांतल्या एका मोठ्या बाबूनं नानांना शब्द दिला होता, की मधूला कागदपत्रांची नक्कल करायच्या खुर्चीवर बसवून घेऊ.

"अगं, नीट बघ त्या हाताकडे," नाना टांग्यात आईला सांगत होते. "टेबलापाशी बसलं की पंजा बरोबर कागदावर येतो. देवानं कारकुनाला लागतो तसाच वाकवलाय. उगाच कापाकापी करून आहे ते कशाला घालवायचं?"

"तुम्हाला दफ्तरापलीकडं काही दिसतं का?" आई म्हणाली. "पोरगा दीड वर्षं माझ्या हातानं जेवतोय. मावशीकडच्या मुंजीत सगळे पंगतीला बसले आणि याला मी आत माजघरात बसवून भरवलं. तिशीचा बाप्या! त्याचा हात त्याच्या तोंडाशी जाऊ दे. मला दुसरं काही नको."

मधू दोघांच्या मध्ये बसला होता. मुंजीतलं ते माजघर त्यालाही आठवलं. एक लहान मुलगी दाराशी उभी राहून त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि आई एकेक घास करून त्याला भरवत होती. त्यानं डाव्या हातानं चमचा उचलला तेव्हा आईनं तो हळूच काढून घेतला होता. "डाव्यानं नको रे, चारचौघांत," ती कुजबुजली होती.

घरी पोचले तर ओट्यावर विश्वासराव बसलेले. विश्वासराव शेजारचेच, दरबारच्या रिसाल्यात होते, आता गल्लीच्या टोकाला तालीम चालवत. मधू शुद्धीवर आला तेव्हा हात मोकळा करायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. रोज सकाळी मोहरीचं कोमट तेल, आणि मग कोपर धरून असा हिसका, की मधूच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. घरातल्यांना तो उपकार वाटे. काट्यांना कळलं तेव्हा ते इतके संतापले, की विश्वासराव महिनाभर इस्पितळाच्या रस्त्यानं गेले नव्हते.

"काय म्हणाला आमचा काटे?" त्यांनी विचारलं. "हाड पिकलं का? अरे यार, हाड आहे का लंगडा आंबा? म्हणे पिकू दे!"

"पिकलं म्हणतो," नाना म्हणाले.

"मग आता काय, आढीतून काढणार?"

"निम्मा हात देतो म्हणतो. कुठला निम्मा ते विचारतोय."

विश्वासराव विचारात पडले. "सलाम ठोकता आला पाहिजे," ते म्हणाले. "माणसाचा उजवा हात कशासाठी असतो?"

"सलाम करायला दरबार कुठं शिल्लक आहे?" नाना म्हणाले.

मधू त्यांच्यासमोर उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हे त्याला कळत होतं. आणि म्हणूनच रागावणंही अवघड होतं. जो माणूस पाणी मागायला पाच मिनिटं घेतो त्याला सल्ला काय विचारायचा, एवढाच त्यांचा हिशेब. सोमवारी काट्यांच्या पुढे नाना एक सांगतील, आई दुसरं सांगेल, दोघांत आईचं चालेल, आणि त्याचा हात त्याला न विचारता तोंडाकडे वळवला जाईल. एकदा वळवला की पुन्हा उघडून बघता यायचं नाही. काट्यांनी साफ सांगितलं होतं, या कोपरावर सुरी एकदाच.

शनिवारी शरयूची शाळा अर्धा दिवस असे. शरयू म्हणजे मधूची बायको. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. जेवणं झाली, आई-नाना लवंडले, तशी ती ताटलीत तांदूळ घेऊन मधूच्या जवळ येऊन बसली आणि खडे निवडू लागली. मधू बोलायला लागला की ती कधी त्याच्या तोंडाकडे बघत नसे. डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं, तिचं तिनंच शोधून काढलं होतं. कुणी बघत नसलं की शब्द थोडे लवकर येत.

"अहो, सगळे बोलले," ती तांदळात बघत म्हणाली. "तुमचं काय?"

मधू थांबला. तिनं चार खडे वेचले.

"बोर्ड," तो म्हणाला.

"कुठला बोर्ड?"

त्यानं कपाटावर बोट दाखवलं.

बंदोबस्त दफ्तरात, म्हणजे जमीन मोजणीच्या कचेरीत, मधू नकाशानवीस होता. गावांच्या शिवा, नद्या, रस्ते, जिल्ह्यांच्या हद्दी काढायचं त्याचं काम. घरी काम आणता यावं म्हणून त्यानं सागवानी ड्रॉइंग बोर्ड करून घेतला होता. चांगला दाराच्या फळीएवढा. अपघातानंतर तो कपाटावर गेला आणि त्याच्यावर पापडाचे डबे आले. शरयूनं डबे खाली घेतले, पदर खोचला, आणि बोर्ड ओढून काढला. दोन ट्रंका एकावर एक ठेवून तिनं तो उतरता टेकवला. मग ट्रेसिंगचा कागद पसरून चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्या.

मधू बोर्डापुढे बसला. उजव्या हाताच्या तीन बोटांत पेन्सिल धरली. बोटं उत्तम चालत होती. खालच्या कडेपासून त्यानं वर रेघ ओढायला सुरुवात केली. कागदाच्या निम्म्यावर येऊन हात थांबला. कोपर उघडत नव्हतं. पुढं जायला त्यानं खांदा लोटला, कमरेतून वाकला, तशी रेघ धनुष्यासारखी वाकडी झाली.

"कागदच खाली ओढून घ्यायचा ना मग," शरयू म्हणाली.

त्यानं पेन्सिल तिच्या हातात दिली, तिला आपल्या जागी बसवलं, आणि आपल्या डाव्या पंजानं तिचं कोपर घट्ट पकडून ठेवलं. रेघ ओढ, अशी खूण केली. शरयूनं ओढली. निम्म्यावर अडली. त्यानं टाचण्या काढल्या, कागद खाली ओढला, पुन्हा टाचला. शरयूनं राहिलेली रेघ पुढं ओढली. दोन्ही रेघा मिळाल्या, पण मिळाल्या तिथं केसाएवढी पायरी दिसत होती.

मधूनं त्या पायरीवर नख ठेवलं.

"इथं..." तो म्हणाला. शरयू बोर्डाकडे बघत राहिली. "इथं... दोन गावं... भांडतात."

शरयू खळखळून हसली आणि मग एकदम हसायची थांबली. "अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला नक्कलेची खुर्ची नकोच आहे."

"नको."

"तुम्हाला हात लांब जायला हवाय. त्या वरच्या कडेपर्यंत."

"हो."

"आणि जेवण?"

मधूनं डावा हात वर केला आणि बोटं हलवली.

शरयूनं ताटली पुन्हा मांडीवर घेतली. डाव्या हातानं जेवणं म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक होतं. या घरातच नव्हे, दाना ओलीतल्या साऱ्या दक्षिणी, म्हणजे मराठी, घरांत लहान मूल डाव्या हातानं घास घ्यायला लागलं की त्याच्या हातावर चापट बसते. सासूबाई सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या. त्यांच्यापुढे हे बोलायचं कुणी?

"डाव्यानं रेघ ओढून बघितलीत का?" तिनं शेवटचा प्रयत्न केला.

मधूनं कपाटाच्या खणातून कागदांची गुंडाळी काढून तिच्यापुढे टाकली. दीड वर्षातल्या दुपारी त्यात होत्या. सगळ्या रेघा मुंग्यांच्या रांगेसारख्या.

"बरं," शरयू म्हणाली. "मी सांगितलं तर सून बोलली असं होईल. हे तुम्हीच सांगायचं. वेळ लागला तर लागू द्या. सोमवारी मी रजा काढते."

सोमवारी काट्यांच्या खोलीत पाचजण शिरले, कारण विश्वासरावही आले होते. ते दाराशी अशा बेतानं उभे होते, की डॉक्टर रागावले तर चटकन बाहेर पडता यावं.

"हं, ठरलं?" काट्यांनी नानांना विचारलं.

"माझं मत विचाराल तर," नानांनी घसा खाकरला, "आहे ती स्थिती काही वाईट नाही. नव्या राज्यात एक जागा..."

"जागा घेऊन काय करायचंय?" आई म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही ह्यांचं ऐकू नका. हात तोंडाशी न्या."

"अगं, तो पगार आणील तेव्हा..."

"तीस वर्षं पगार आणलात, मला ठाऊक आहे. मी भरवलं नाही तुम्हाला. तुमचे तुम्ही जेवलात."

"वहिनी, सलामाचंही तेच आहे," विश्वासराव दारातून म्हणाले. "तोंडाशी गेला की कपाळाशी दोन बोटंच राहतात."

काट्यांनी घड्याळाकडे बघितलं. बाहेर रोग्यांची रांग होती. "म्हणजे बहुमत तोंडाचं," ते म्हणाले. "लिहू तसं?"

मधूनं डावा पंजा टेबलावर आपटला. शाईची दौत हलली.

"मी," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले, आणि तेच नको होतं. शब्द वाटेत थांबला. मधूला तो दिसत होता. नुसता हात पुढं करून घ्यायचा बाकी होता, तरी येत नव्हता. त्याला वाटलं, हे असंच जाणार. आता आई काहीतरी म्हणेल आणि डॉक्टर लिहून टाकतील.

"पा..." आईनं सुरुवात केली.

"आई, थांबा," शरयू म्हणाली.

सून कधी असं बोलली नव्हती. आई थांबली ती आश्चर्यानंच. बाहेर कंपाउंडर कुणाला तरी "लाइन में खड़े रहिए, बाबूजी" म्हणून दटावत होता. शरयू खिडकीतून बाहेर बघत होती. मग, काय सुचलं कोण जाणे, डॉक्टर काटेही खिडकीतून बाहेर बघू लागले.

"लांब," मधू म्हणाला. "हात... लांब जायला हवा. बोर्डाच्या... वरच्या कडेला. मी नकाशे काढतो."

"आणि जेवण?" काट्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मधूला विचारला.

"डाव्या हातानं."

"अरे देवा," आई म्हणाली. "जन्मभर?"

"नीट विचार करा, पागे," काटे म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढून मधूच्या समोर घेतली. "नकाशा दफ्तरात. पाचला दफ्तर सुटतं. पण हात तोंडाशी माणूस दिवसातून शंभरदा नेतो. चहा आहे, विडी आहे, मिशी आहे. उद्या माझ्याकडे येऊन म्हणालात की चुकलं, तर मला काही करता यायचं नाही."

मधूला हे अपेक्षित होतं. पण याचं उत्तर त्यानं दोन दिवस मनात घोळवलं नव्हतं. ते तिथंच, त्या क्षणी सुचलं, आणि म्हणूनच बहुधा फारसं अडलं नाही.

"डॉक्टर, भूक लागली की... तोंड खाली येतं," तो म्हणाला. "कागद... वर येत नाही."

विश्वासराव फस्सकन हसले आणि लगेच तोंडावर हात धरून गप्प झाले. नाना मुलाकडे असे बघत होते, की जणू लांबच्या गावाहून आलेला कुणी ओळखीचा निघाला. काटे मात्र हसले नाहीत. त्यांनी एक्स-रे मधूच्या हातात दिला आणि पुढचं सगळं त्याच्याशीच बोलले. करंगळीकडे जाणारी शीर त्या नव्या हाडात गाडली गेली होती. ती मोकळी करताना दुखावली तर करंगळी बधिर राहील. हाड पुन्हा धरणारच नाही, असं वचन कुणी देऊ शकत नाही.

"पेन... तीन बोटांचं," मधू म्हणाला. "करंगळी गेली... तर जाऊ दे."

"मी जाऊ देणार नाही," काटे म्हणाले. "पण सांगून ठेवतो."

परतीच्या वाटेवर आई टांग्यात बसली नाही. "मला देवळात जायचंय," म्हणाली आणि चालत गेली. देऊळ होतं उलट दिशेला, ती निघाली घराच्याच वाटेनं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आई इस्पितळात आली, पण आत आली नाही. व्हरांड्याच्या बाकावर जपाची माळ घेऊन बसली. मधूला टेबलावर निजवलं, नाकावर जाळी आली, भुलीच्या औषधाचा गोड, उग्र वास आला. इतक्यात काटे वाकून म्हणाले, "वरची कड ना?" मधू "हो" म्हणाला. 'हो' हा शब्द कधीच अडत नसे.

शुद्ध आली तेव्हा हात त्याच्यापासून लांब, उशीवर होता. त्याला आधी कळेचना, की तो कुणाचा आहे. प्लास्टरच्या अर्ध्या पन्हळीत बांधलेला, आणि जवळजवळ सरळ. दुखत होतं, ते खोल, हाडापर्यंत. पण करंगळी हलवून बघितली तर हलली. नंतर तिला थोड्या मुंग्या येत राहिल्या, त्या कायमच्याच.

काट्यांनी काढलेलं हाड तबकात आणून दाखवलं. नानांनी चष्मा वर करून बघितलं. ते आल्याच्या गड्ड्यासारखं होतं, तसंच फुटवे फुटलेलं.

विश्वासराव बराच वेळ त्या तबकाकडे बघत होते. "डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "हे माझ्या तेलानं वाढलं काय?"

"तेलानं नाही. ओढाओढीनं वाढलं असेल. नसेलही. नक्की कुणाला माहीत नाही."

विश्वासरावांनी त्यावर काहीच विनोद केला नाही. पण त्यानंतर मधू घरी आला तेव्हा ओट्यावर त्यांचा पहारा बसला. कुणी पाहुणा, कुणी मालिशवाला, कुणी जाणता म्हातारा "जरा ओढून बघू या का" म्हणाला, की विश्वासराव त्याला दाराबाहेरच गाठत. "हात लावायचा नाही," ते दरडावत. "मी लावला होता. त्याचं काय झालं, ते डॉक्टरकडे बरणीत ठेवलंय. जाऊन बघा!"

काट्यांची मेहनत निराळीच होती. दुसऱ्यानं हात ओढायचा नाही. मधूनं स्वतःच्या जोरावर न्यायचा, जाईल तिथवर. त्यासाठी शरयूनं पुन्हा बोर्ड मांडला. मधू पंजाखाली मऊ फडकं घेई आणि बोर्ड पुसत पुसत हात वर ढकली. खालून वर, पुन्हा खाली. पहिले काही दिवस फडकं बोर्डाच्या मध्यावरच रेंगाळत राही. नाना जवळ बसून वर्तमानपत्र वाचत. ते मोठ्यानं वाचत ते मधूसाठी, असं दाखवत. खरं म्हणजे त्यांना आता एकट्यानं वाचायला गंमत वाटत नसे. कुठली दफ्तरं भोपाळला जाणार, कुठली ग्वाल्हेरला राहणार, यावर रोज नवी बातमी असे. जमिनीचं दफ्तर ग्वाल्हेरलाच राहणार, नव्या राज्यात मिसळणाऱ्या चारी जुन्या राज्यांचे नकाशे इथंच येणार, असं छापून आलं त्या दिवशी नानांनी ती बातमी दोनदा वाचली.

"चार राज्यांचे नकाशे," ते म्हणाले. "कुणाची फूटपट्टी कुणाला जुळायची नाही. बरीच कामं निघतील."

"निघतील," मधू म्हणाला. नक्कलेच्या खुर्चीचं नाव नानांनी पुन्हा काढलं नाही.

मध्ये एक आठवडा वाईट गेला. कोपर सुजलं, गरम झालं, आणि काल जिथवर फडकं गेलं होतं, त्याच्या चार बोटं अलीकडेच आज ते अडलं. शरयूच्या तोंडचं पाणी पळालं. आईनं देवापुढे दिवा लावला. मधूच्या मनात आलं, की आपण मागितलं ते चुकीचं मागितलं, आणि आता दोन्ही निम्मे हातचे गेले. पण एक्स-रेमध्ये नवं हाड काही दिसेना. "सूज आहे, उतरेल. दोन दिवस हात उशीवर, मग पुन्हा फडकं," काटे म्हणाले. सूज उतरली.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी फडक्याची कड बोर्डाच्या वरच्या कडेवरून पलीकडे घसरली आणि खाली पडली. शरयू शाळेत होती, नाना भाजी आणायला गेले होते. बघायला फक्त आई होती. तिनं फडकं उचललं, झटकलं आणि मधूच्या हातात दिलं.

हात सरळ झाला. अगदी पुरता नाही, पण बोर्डाला पुरेल इतका. वळायच्या बाबतीत मात्र काट्यांनी सांगितलं होतं तसंच घडलं. पंजा सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत येई आणि तिथं अडे. हनुवटी त्याच्यापासून वीतभर वर राही.

दफ्तरात नव्या राज्याच्या तयारीची धांदल होती. मुख्य नकाशानवीस म्हातारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मधूची विचारपूस केली नाही. आखायला एक पूर्ण ताव काढून दिला. मधूनं दोन पात्यांच्या पेनात शाई भरली, कागदाच्या कपट्यावर ठिपका घेऊन शाई पारखली, श्वास रोखला आणि खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत एका दमात रेघ ओढली. कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. मग दुसरी. म्हाताऱ्यांनी भिंग लावून दोन्ही रेघा वाचल्या.

"जॉइनिंग रिपोर्ट लिख दीजिए," ते म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला मध्यभारत संपलं. त्याच आठवड्यात दिवाळी होती. मावशीकडची मंडळी, विश्वासराव, डॉक्टर काटे, सगळे जेवायला आले होते. पुढच्या खोलीत पाट मांडले, रांगोळी काढली. मधू सवयीनं माजघराकडे वळला, तर आईनं दारातच त्याला अडवलं.

"तिकडं कुठं? तुझा पाट बाहेर आहे. नानांच्या शेजारी."

तो जाऊन बसला. पानाकडे बघितलं आणि क्षणभर त्याला काय चुकतंय ते कळलं नाही. पागे कुटुंबात पान वाढायची रीत ठरलेली: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला, भाजी-आमटी उजवीकडे, हाताला लागेल तिथं. सगळ्यांची पानं तशीच होती. मधूच्या पानावर मीठ-लिंबू उजवीकडे होतं. चटणी, कोशिंबीर उजवीकडे. भाजी, आमटीची वाटी, सगळं डावीकडे. मुद्दाम, एकेक पदार्थ मोजून-मापून, आरशात दिसावं तसं वाढलेलं.

नानांच्याही लक्षात आलं. "अगं," ते हळूच म्हणाले, "मधूचं पान उलटं वाढलंयस."

आई भाताचं पातेलं घेऊन वाकली होती. पंगतीतले सगळे ऐकत होते, मावशीसुद्धा.

"उलटं कुठं? त्याच्या हाताला सुलटं आहे," आई म्हणाली. "तुम्ही आपल्या पानाकडे बघून जेवा."

आणि मधूच्या पानावर भाताची मूद घालून तिनं आमटीची वाटी आणखी थोडी डावीकडे सरकवली.